तालुक्याचा विद्यार्थी आणि आमचें वाङ्मय

मराठी कथावाङ्मयांत विद्यार्थी हा कांहीं नवा पाहुणा नव्हे. गेल्या शंभर वर्षांत ज्या कादंबऱ्या व जीं आत्मचरित्रें आमच्याकडे लिहिलीं गेलीं, त्यांतल्या मोठ्या भागाचा नायक कधीं ना कधीं हातांत पुस्तक घेऊन उभा राहिलेला आहे. त्याच्या खोलीचें, खानावळीचें, परीक्षेचें, प्रेमाचें आणि निराशेचें वर्णन आम्हीं इतक्या वेळां वाचलें आहे कीं, पहिलीं चार पानें वाचतांच पुढचीं चाळीस सांगतां यावींत. परंतु या सर्व विद्यार्थ्यांत एक गोष्ट समान आहे, आणि ती इतकी समान आहे कीं तिच्याकडे कोणाचें लक्षच जात नाहीं. हा विद्यार्थी घर सोडून गेलेला असतो. गांव मागें पडलें, गाडी सुटली, शहराचे दिवे दिसूं लागले, कीं तेथून कथेला आरंभ होतो. आणि तो परत गांवीं आला किंवा कायमचा शहरांत राहिला, म्हणजे ती संपते. विद्यार्थिदशा म्हणजे प्रवास, असें समीकरणच आमच्या लेखकांनीं ठरवून टाकलें आहे. ज्यानें घर न सोडतां, तालुक्याच्या ठिकाणीं जाऊन-येऊन पदवीच्या पुढचा अभ्यास केला, त्याच्या रोजच्या जीवनाला आमच्या वाङ्मयांत जागा इतकी थोडी कां असावी, हा प्रश्न प्रस्तुत लेखांत आम्हांस विचारावयाचा आहे. आणि तो विचारतांना पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर हे दोन तालुके आम्ही डोळ्यांपुढें ठेवणार आहों.

प्रथम आमच्यापुढें असलेल्या वाङ्मयाकडे पाहूं. १९२५ नंतरच्या पंचवीस वर्षांत ना. सी. फडके यांनीं महाविद्यालयीन तरुणास कादंबरीच्या केंद्रस्थानीं आणून बसविलें. हा तरुण सुरेख पोषाख करतो, खेळांत चमकतो, सहलींस जातो, प्रेमांत पडतो; मात्र अभ्यास करतांना तो क्वचितच दृष्टीस पडतो, आणि त्याच्या खानावळीचे पैसे कोठून येतात हें विचारणें तर असभ्यपणाचेंच ठरावें. या गोड चित्रास जबर धक्का दिला तो भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'नें, १९६३ मध्यें. खानदेशांतून पुण्यास आलेला पांडुरंग सांगवीकर वसतिगृहांत राहतो, मेसचे व्यवहार अंगावर घेतो, वडिलांचे पैसे उडवितो आणि अखेर हात हालवीत गांवीं परततो. पैशाचा हिशेब मराठी विद्यार्थ्याच्या कथेंत खऱ्या अर्थानें आला तो येथें. त्यानंतर ज्या समाजांना शाळेची पायरीही दुर्लभ होती, त्यांतून लेखक पुढें आले. नीरेच्या पलीकडच्या फलटण तालुक्यांतील कैकाडी कुटुंबांत वाढलेल्या लक्ष्मण माने यांचें 'उपरा' १९८० मध्यें निघालें. आनंद यादवांनीं 'झोंबी'त (१९८७) कागलच्या मुलाचें शाळेसाठींचें झगडणें सांगितलें व 'नांगरणी'त (१९९०) त्याच मुलाच्या पुढच्या शिक्षणाची कथा चालविली. नवनाथ गोरे यांच्या 'फेसाटी'नें (२०१७) जत तालुक्याच्या दुष्काळी मुलखांतून शिक्षणाची वाट काढणाऱ्या मुलाची कहाणी मांडली. या ग्रंथांची योग्यता मोठी आहे, व त्यांनीं मराठी गद्याला जें बळ दिलें त्याबद्दल कोणाचें दुमत होईल असें वाटत नाहीं. परंतु फडक्यांचा विलासी नायक आणि या ग्रंथांतला उपाशी मुलगा या दोघांच्या पावलांची दिशा एकच आहे. दोघेही घरापासून दूर जात आहेत.

असें होण्यास कारणही तसेंच सबळ होतें. विद्या जेथें होती तेथें जाणें भाग होतें. धोंडो केशव कर्वे यांनीं आपल्या 'आत्मवृत्तां'त (१९१५) परीक्षेसाठीं मुरुडाहून साताऱ्यापर्यंत पायीं केलेल्या प्रवासाची हकीकत दिली आहे. एवढें चालून गेल्यावर वयानें लहान दिसतो म्हणून त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं. पुण्यांत फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ मध्यें निघालें, पुणें विद्यापीठ १९४९ मध्यें. आणि तोंपर्यंत इंदापुराकडच्या मुलाला पदवी हवी असेल तर त्यानें वळकटी बांधून निघावें हाच मार्ग होता. कादंबरीनें या वस्तुस्थितीचा सांचा उचलला यांत तिचा दोष नाहीं. पण पुढें वस्तुस्थिति पालटली. बारामतीस तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ मध्यें उघडलें. विद्या प्रतिष्ठानची स्थापना १९७२ मध्यें झाली. इंदापुरासही महाविद्यालय आलें, आणि कालांतरानें पदव्युत्तर वर्गही आले. १८८५ च्या सुमारास नीरेच्या डाव्या कालव्यानें या जिराइती मुलखांत पाणी बांधापर्यंत आणून दिलें, तसेंच या संस्थांनीं शिक्षण उंबऱ्यापर्यंत आणून दिलें. कालव्यानें काय पालटलें हें आम्ही उसाच्या फडांवरून जाणतों. शिक्षण उंबऱ्याशीं आल्यानें माणसाच्या मनांत काय पालटलें, हें सांगण्याचें काम मात्र वाङ्मयाचें होतें, आणि तें बव्हंशीं राहून गेलें आहे.

इंदापूर तालुक्यांतल्या एखाद्या गांवाहून बारामतीस एम.ए. किंवा एम.एस्सी.च्या वर्गास जाणाऱ्या मुलाचा दिवस कसा जातो, हें या भागाशीं परिचय असलेल्यास निराळें सांगावयास नको. पहांटे गोठ्यांतलें काम, डेअरीवर दूध घालणें, मग डबा आणि एस.टी. इंदापूर-बारामती रस्त्यावर निमगांव केतकी, अंथुर्णें, लासुर्णें, बेलवाडी, भवानीनगर, काटेवाडी अशीं गांवें लागतात; सारा रस्ता पन्नासेक किलोमीटरांचा. थांब्याथांब्यावर वर्गांतले चार-दोन सोबती चढतात. विद्यार्थ्यांस मासिक पासांत दोन-तृतीयांश सवलत असते, म्हणून पास हीच त्यांची मोठी दौलत. उसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्ता व्यापून चालतात आणि पहिला तास हटकून बुडतो. दुपारीं ग्रंथालय, झेरॉक्सचें दुकान, बसस्थानकाजवळचा चहा. आणि सोयीची गाडी सांभाळून परत. घरीं आल्यावर शेतीच्या विजेची पाळी रात्रीची असेल, तर पुस्तक मिटून मोटर सुरू करण्यास विहिरीवर जावें लागतें. शहरांत राहणारा विद्यार्थी वर्गांतून सुटला म्हणजे स्वतःचा असतो. हा विद्यार्थी वर्गांत असतो तेवढाच काय तो स्वतःचा असतो. एरवीं तो मुलगा असतो, भाऊ असतो, पुतण्या असतो, आणि घरांत एकटाच पदवीधर असल्यामुळें तलाठ्याकडचा अर्ज लिहिण्यापासून बँकेंतली खटपट करण्यापर्यंत सर्वांचा कारकूनही असतो.

आतां कोणी म्हणेल, या दिनक्रमांत कथा ती कोठें आहे? धार निघते, गाडी येते, तास बुडतो. यांत घडतें काय? हा आक्षेप जुना आहे, आणि त्याला लक्ष्मीबाई टिळकांनीं 'स्मृतिचित्रें' लिहून सुमारें नव्वद वर्षांपूर्वींच उत्तर देऊन ठेवलें आहे. त्या ग्रंथांत पतीच्या धर्मांतराचा मोठा प्रसंग आहे खरा. पण वाचकाच्या मनांत घर करून राहतो तो रोजचा संसार, त्यांतले पैशाचे गोंधळ, पाहुणे आणि रुसवेफुगवे. अलीकडे मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' या कादंबरीनें (२००४) नववीच्या एका वर्गाची रोजची हकीकत सांगून हजारों वाचकांस खिळवून ठेविलें. नववीच्या मुलाचा बांक जर वाङ्मयास पुरतो, तर एम.एस्सी.च्या मुलाचें एस.टी.तलें बांकडें कां पुरूं नये?

आणि त्या बांकड्यावर घडत नाहीं असें मुळींच नाहीं. एकच उदाहरण घेऊं. नीरेच्या कालव्याखालीं पाणी अति झाल्यानें ठिकठिकाणीं जमिनी क्षारपड झाल्या, ही गोष्ट या भागांत सर्वांस ठाऊक आहे. सकाळीं रसायनशास्त्राच्या वर्गांत क्षारांचें समीकरण मांडणारा मुलगा सायंकाळीं घरीं येतो, तों बांधालगतच्या मातीवर तेच क्षार पांढरे फुटलेले असतात. वडील विचारतात, "एवढा शिकतोस, तर ह्या जमिनीचं काय करायचं ते सांग." यावर त्यानें काय बोलावें? चर खणून पाण्याचा निचरा करावयास हवा आणि पाणी कमी द्यावयास हवें, हें त्याला पुस्तकानें सांगितलेलें आहे. पण चर शेजाऱ्याच्या रानांतून न्यावा लागतो, आणि शेजारी चुलता असून त्याच्याशीं बोलणें बंद आहे. विद्या आणि नातें यांची अशी गांठ पुण्याच्या वसतिगृहांत राहणाऱ्या नायकाला कधीं पडत नाहीं. त्याच्यापुढें गांव येतें तें सुटींत, आठवणींत किंवा मनीऑर्डरींत. याच्यापुढें तें रोज जेवणाच्या ताटावर येऊन बसतें. कादंबरीकारास याहून अधिक काय पाहिजे, हें आम्हांस समजत नाहीं.

सहलीचाही विषय असाच आहे. आमच्या कथांतली सहल म्हणजे नेहमींच्या जगांतून घटकाभर सुटका: टेकडी, चांदणें, दोन तरुण मनें, आणि परततांना झालेला उशीर. 'कोसला'तली अजिंठ्याची भेट याला अपवाद. तेथें नायक बहिणीच्या मृत्यूचें दुःख बरोबर घेऊन लेण्यांसमोर उभा राहतो, म्हणून तीं पानें विसरतां येत नाहींत. बारामती-इंदापूरच्या विद्यार्थ्यांच्या सहली कोठें जातात? सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यांत चिंकारा पाहण्यास. भीमा व नीरा यांच्या संगमावर नरसिंहपुरास. पौष-माघांत एखाद्या सोबत्याच्या रानांत हुरड्यास. आणि हिंवाळ्यांत भिगवण-कुंभारगांवाकडे उजनीच्या जलाशयावर पक्षी पाहण्यास. या शेवटच्या ठिकाणीं पुण्यामुंबईहून पुष्कळ मंडळी येतात. रोहित, पट्टकादंब, चित्रबलाक यांचीं छायाचित्रें घेतात व संध्याकाळपर्यंत परत जातात. त्यांच्या दृष्टीनें तें निर्मळ निसर्गसौंदर्य होय.

परंतु उजनीचें धरण १९८० मध्यें पुरें झालें तेव्हां त्या पाण्याखालीं गांवें गेलीं. पळसदेवाचें जुनें देऊळ अजूनही पाणी फार आटलें म्हणजे वर येतें, आणि मग तें पाहण्यास गर्दी लोटते. आतां ज्याच्या आजोबांची काळी जमीन त्या पाण्याखालीं आहे, असा मुलगा वर्गातल्या सोबत्यांबरोबर होडींत बसला आहे असें समजा. नाव वल्हविणारा शाळेंत त्याच्याबरोबर होता. सोबत्यांस पक्षी दिसतात; त्याला पक्षी दिसतात व आजीनें सांगितलेली विहिरीची जागाही दिसते; आणि ज्या उसाच्या पैशांतून त्याची फी भरली गेली तो ऊस याच धरणाच्या पाण्यावर उभा आहे, हेंही त्याला विसरतां येत नाहीं. सौंदर्य, हानि आणि लाभ हीं तिन्ही एकाच पाण्यांत पाहणारी दृष्टि ही त्या मुलाची स्वतःची आहे. ती कोणीं त्याच्याकडून घेतलेली नाहीं, पण ती मराठी वाङ्मयांत आणण्याचीही कोणीं फारशी घाई केलेली नाहीं. आमचीं निसर्गवर्णनें पाहुण्याच्या डोळ्यांनीं लिहिलेलीं असतात, हें येथें स्पष्ट दिसतें.

पाहुण्याची दृष्टि नेहमीं उथळ असते असें मात्र कोणीं समजूं नये. इरावती कर्वे यांच्या 'परिपूर्ति' या संग्रहांत (१९४९) पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालल्याचा 'वाटचाल' हा लेख आहे. संशोधक म्हणून व वारकऱ्यांची सोबतीण म्हणून त्यांनीं जें पाहिलें, त्यांत एकत्र चालणारीं व निराळ्या पंक्तींस जेवणारीं माणसेंही होतीं, आणि त्या वेगळेपणाची टोंचणी त्यांनीं लपविली नाहीं. मराठी निबंधांत तो लेख आम्ही वरच्या पंक्तीस बसवितों. परंतु इरावतीबाई दिंडीबरोबर गेल्या व परत आल्या. जो त्याच वाटेवर राहतो त्याचा लेख अजून यावयाचा आहे. तुकोबांची पालखी बारामतीहून निघते, काटेवाडीस तिच्याभोंवतीं मेंढ्यांचें रिंगण होतें, बेलवाडीस गोल रिंगण होतें, आणि निमगांव केतकीवरून ती इंदापुरास येते. वाचकांनीं वर दिलेलीं गांवांचीं नांवें पुन्हां पाहावींत. विद्यार्थी वर्षभर पासावर ज्या रस्त्यानें जातो-येतो तोच हा रस्ता. फक्त पालखी उलट दिशेनें चालते. त्या दिवसांत एस.टी.चे मार्ग वळवितात, वर्गांतल्या मुलामुलींची पाणी वांटण्यास नेमणूक होते, आणि जो रोज खिडकींतून कंटाळून रस्ता पाहत असे तो रस्त्याच्या कडेला उभा राहून गाडीऐवजीं माणसांचा लोंढा पाहतो. घर, महाविद्यालय आणि पंढरी एकाच डांबरी रस्त्यावर यावीं, ही कल्पना एखाद्या कवीनें योजिली असती तर आम्हीं तिला कृत्रिम म्हटलें असतें.

येथवर आम्हीं मुलाविषयींच बोललों. पण या विषयाचा मर्मभाग विद्यार्थिनीच्या जीवनांत आहे. मुलगा घर सोडून जाऊं शकला असता, परंतु गेला नाहीं. मुलीला पुष्कळदां तेवढीच परवानगी असते. बारामतीस जाऊन संध्याकाळीं परत येणें हें घराला चालतें. पुण्यास खोली घेऊन राहणें चालत नाहीं. म्हणजे तालुक्याच्या ठिकाणीं पदव्युत्तर वर्ग नसता तर तिचें शिक्षण पदवीपाशींच थांबलें असतें, आणि त्यापाठोपाठ लग्नाची बोलणीं सुरू झालीं असतीं. एम.ए. म्हणजे तिच्यासाठीं दोन वर्षें. त्या दोन वर्षांत ती काय वाचते याइतकेंच तिला रोज उंबऱ्याबाहेर पडावयास सापडतें, यालाही महत्त्व आहे. मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांस अर्धें भाडें झालें, तेव्हां जाण्यायेण्याच्या खर्चाची एक सबबही घरच्यांजवळून गेली. शेवटचा तास आणि गाडी यांच्यामधला अर्धा तास, भिगवण चौकापासून स्थानकापर्यंत मैत्रिणींबरोबर रमतगमत चालणें, एका प्लेटींतलें चौघींनीं खाणें, हीच तिची सहल. वरून किरकोळ दिसणाऱ्या या अर्ध्या तासासाठीं तिनें घरीं किती युक्तिवाद केला असेल, याचा विचार केला म्हणजे फडक्यांच्या नायिकेची टेकडीवरची भ्रमंती फिकी वाटूं लागते. आमच्या लेखिकांनीं स्त्रीचें घर सोडणें पुष्कळ रंगविलें. रोज सकाळीं घर सोडून रोज संध्याकाळीं परत येणाऱ्या मुलीचें धैर्य निराळ्या प्रकारचें आहे, व तें रंगविण्यास अधिक कठीण आहे.

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊं नये म्हणून दुसरी बाजूही सांगणें अवश्य आहे. घरीं राहून शिकणें हें श्रेष्ठ आणि घर सोडणें हें हीन, असें आमचें मत नाहीं. 'उपरा' वाचलेल्या कोणालाही असें म्हणण्याचें धाडस होणार नाहीं. ज्या गांवानें माणसाला माणूस म्हणून उभें राहूं दिलें नाहीं, तें गांव सोडणें हाच त्याचा पहिला धडा असतो. तालुक्याच्या जीवनांत ओळख फार असते, आणि ओळखीबरोबर आडनांव, आडनांवाबरोबर जात, व जातीबरोबर कोणाच्या घरीं जेवावें आणि कोणाच्या घरीं नुसता चहा घ्यावा, याचे न बोललेले नियम येतात. हुरड्याच्या सहलीस वर्गांतल्या सर्वांस बोलावणें असतें कीं निवडक मंडळींस, हें पाहिलें म्हणजे पुष्कळ कळतें. शहर विद्यार्थ्याला जो एकांत व जी अनोळख देतें ती येथें नाहीं. येथें मुलगा-मुलगी चहाच्या टपरीवर पांच मिनिटें उभीं राहिलीं तर ती वार्ता त्यांच्या आधीं गांवांत पोंचते. परंतु हेंच तर लिहावयास हवें. सुटून गेलेल्याची कथा आपण वाचली. राहिलेल्याला रोज काय सोसावें लागतें व रोज तो कोणता लहानसा नियम मोडतो, याची कथा त्याहून कमी महत्त्वाची नाहीं.

या रित्या जागेंत आज दुसरेंच एक वाङ्मय शिरलें आहे, आणि त्याची आम्हांस काळजी वाटते. तें म्हणजे यशोगाथा. गांवोगांव अभ्यासिका निघाल्या आहेत, एम.ए., एम.एस्सी. झालेलीं मुलें-मुली तेथें सकाळपासून रात्रीपर्यंत स्पर्धापरीक्षांची तयारी करतात. त्यांच्यांतला एखादा उत्तीर्ण झाला म्हणजे त्याची मिरवणूक निघते, सत्कार होतो, भाषण होतें. आणि त्या भाषणाचा सांचा ठरलेला असतो. गरिबी होती, जिद्द धरली, यश मिळालें. ऐकणाऱ्यांस स्फूर्ति येते, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण या सांच्यांत विद्यार्थ्याचीं सर्व वर्षें निकालाच्या एका दिवसासाठीं खर्ची पडतात. ज्यांची निवड झाली नाहीं, आणि अशांची संख्या नेहमींच कितीतरी अधिक असते, त्यांच्या वाचनाला, मैत्रीला, सहलींना, विहिरीवरच्या रात्रींना कांहींच अर्थ उरत नाहीं. जणूं तीं वर्षें झालींच नाहींत. 'फेसाटी'च्या लेखकास साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०१८ मध्यें मिळाला, आणि २०२० च्या टाळेबंदींत त्यांच्यावर शेतमजुरीची पाळी आल्याचें वृत्तपत्रांनीं छापलें. यशोगाथेच्या सांच्यांत ही हकीकत कोठें बसवावयाची? चांगली कादंबरी मात्र तिला सहज सामावून घेईल, कारण कादंबरीला निकालाची घाई नसते. म्हणूनच कादंबरीची जागा यशोगाथेनें घेणें हें आम्हांस धोक्याचें वाटतें. तरुणांना आपलें जीवन मोजण्यास एकच माप उरतें, आणि त्या मापांत बहुतेकांचें जीवन शून्य भरतें.

आणि ज्यांना वाटतें कीं मोठ्या शहराची हवा लागल्यावांचून विद्येला तेज चढत नाहीं, त्यांनीं बारामतीच्याच इतिहासाकडे एकवार पाहावें. मोरोपंतांचा जन्म १७२९ मध्यें पन्हाळगडीं झाला व विद्याभ्यास तेथील पाध्ये बंधूंपाशीं झाला. पुढें बाबूजी नाइकांच्या आश्रयानें ते बारामतीस आले आणि १७९४ मध्यें देह ठेवीपर्यंत सुमारें चाळीस वर्षें कऱ्हेकांठच्या या गांवींच राहिले. काशीयात्रा त्यांनीं केली, पण बिऱ्हाड हालविलें नाहीं. 'आर्याभारत' आणि 'केकावलि' हीं काव्यें पेशव्यांच्या राजधानींत बसून लिहिलेलीं नाहींत. पंतांच्या काव्यांत बारामतीचा बाजार, कऱ्हेचें पाणी, नाइकांचा वाडा शोधूं जाल तर फारसें हातीं लागणार नाहीं. त्या काळीं कवीनें पुराणाकडे पाहावें, अंगणाकडे पाहूं नये, असाच शिष्टाचार होता. तो शिष्टाचार केव्हांच गेला. तरीही बारामतीस राहून लिहिणाऱ्यानें आपल्या अंगणाकडे पाहण्यास संकोच करावा, आणि विद्यार्थ्याचें चित्र काढावयाचें म्हटलें कीं पुण्याच्या वसतिगृहाची खोलीच काढावी, हें आम्हांस नवलाचें वाटतें. पंतांना पुराणांचा सांचा होता. आम्हांस शहराचा आहे.

आमच्या वाचकांत शिकल्या-सवरलेल्या घरांतली मंडळी बहुसंख्य आहेत, म्हणून शेवटीं एक गोष्ट त्यांच्यासाठीं. लग्नकार्यांत वा सणावारीं नात्यांतला एखादा मुलगा भेटतो. तो बारामतीस एम.ए. करतो असें समजतांच एखादे काका सहज विचारतात, "पुण्याला कां नाहीं गेलास रे?" प्रश्नांत दुष्टावा नसतो. पण त्या मुलाला त्याच्या जीवनाविषयीं विचारलेला तो बहुधा पहिला व शेवटचा प्रश्न असतो, आणि त्याचें उत्तर देतांना त्याला क्षमा मागितल्यासारखें बोलावें लागतें. वाङ्मयानें त्याला दुसरें उत्तर पुरविलेलें नाहीं. आपण कोणत्या गाडीनें जातों, विहिरीवर रात्रीं काय वाचलें, उजनीच्या पाण्यांत काय दिसलें, हें सांगण्यासारखें आहे असें त्याला कधीं कोणत्या पुस्तकानें भासविलेंच नाहीं. मग तो तें काकांना कसें सांगणार? आम्ही लेखकांकडे मागतों तें एवढेंच, कीं एखादी कादंबरी सकाळच्या एस.टी.त सुरू व्हावी व तिनें पुण्याची वाट न धरतां बारामतीस उतरावें. आणि वाचकांकडे मागतों तें याहूनही सोपें आहे: पुढच्या खेपेस असा मुलगा किंवा मुलगी भेटली, तर पुण्याचा प्रश्न बाजूस ठेवून, त्यांचा दिवस कसा जातो तें विचारावें, आणि उत्तर पुरतें ऐकावें.